तीन टक्के ऑक्सिजन, पण कशाच्या तीन टक्के?

खतावणी
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी विज्ञानाचा माणूस नाही. पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, त्यातली बावीस नौपाड्यात. गेल्या रविवारी पुतणीने ओढत एका व्याख्यानाला नेलं. विषय होता बटू अनियमित दीर्घिकांमध्ये, म्हणजे ठरावीक आकार नसलेल्या छोट्या दीर्घिकांमध्ये, तारे जिथे जन्मतात त्या वायूच्या ढगांची रासायनिक घडण. एसी चालू होता आणि मध्यंतरात बटाटेवडा होता, म्हणून बसलो.

बाई छान बोलल्या. पण एका स्लाइडवर आलं, "लिओ पी: ऑक्सिजन सूर्याच्या सुमारे ३ टक्के", आणि माझी सुई तिथेच अडकली. कशाच्या तीन टक्के? वजनाच्या? आकारमानाच्या? ही दीर्घिका म्हणे साधारण ५३ लाख प्रकाशवर्षं लांब आहे. तिथे कुणी गेलं नाही, नमुना आणला नाही, मग आकडा आला कुठून? आमच्या धंद्यात व्हाउचरशिवाय असा आकडा लिहिला असता तर मीच लाल पेनने गोल केला असता.

प्रश्नोत्तरांत हात वर केला होता. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उडत्या तबकड्यांवर दहा मिनिटं खाल्ली आणि वेळ संपली.

पुतणी म्हणते, "काका, वर्णपट." वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून, काय आहे ते कळत असेल, मान्य. किती आहे ते कसं कळतं? आहे का कुणी जाणकार?

रुमाल_बहाद्दर
रुमाल टाकून ठेवतो.

कोपरीचा_कावळा
बटाटेवडा कुठला होता ते आधी सांगा. बाकी नंतर बघू.

रसायनवाल्या_बाई
खतावणी, कळव्यात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते. ते तीन टक्के अणूंच्या संख्येचे. हायड्रोजनचे दहा लाख अणू मोजले तर त्यांच्यामागे ऑक्सिजनचे किती, एवढाच हिशेब. सूर्यात साधारण ४९०. लिओ पीमध्ये साधारण १५. पंधरा भागिले चारशे नव्वद, झाले तुमचे तीन टक्के.

हे लोक तो आकडा लॉगरिदममध्ये लिहितात, १२ मिळवून. सूर्य ८.६९, लिओ पी ७.१७. स्लाइडवर ७.१७ दिसला असेल तर तो हाच. बारा का मिळवतात म्हणाल, तर उणे चिन्ह टाळायला.

दुसऱ्या प्रश्नाची सुरुवातही करून देते. आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत पिवळी होते, पाहिलंय ना? ते मिठातलं सोडियम. पिवळं दिसलं की सोडियम आहे, हे कळलं. पण नुसत्या पिवळ्यावरून मीठ किती पडलं हे सांगता येतं का? नाही. ज्योत किती तापली आहे ते आधी कळायला हवं. तुमची अडचण नेमकी तीच आहे, आणि ती अगदी बरोबर आहे.

खतावणी
बाई, दंडवत. ४९० आणि १५ हे मला समजलं. हे त्यांनी स्लाइडवर का नाही लिहिलं?

पुंगी_वाजली
आणखी एक गंमत. खगोलवाले हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्याला 'धातू' म्हणतात. ऑक्सिजन धातू, नायट्रोजन धातू, कार्बन धातू. आमच्या गोखले रोडच्या सोनाराला सांगून बघा, दुकानातून हाकलेल.

वांगणीचा_वाटसरू
ज्योत किती तापली आहे, इथून पुढे मी घेतो. वीस वर्षं अमावास्येला वांगणीच्या माळावर थंडीत कुडकुडतोय, तेवढा अधिकार आहे.

ढगात नुकते जन्मलेले फार तापट तारे असतात. त्यांच्या अतिनील प्रकाशाने आसपासच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते मोकाट धावत ऑक्सिजनच्या आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना, धडकतात. धडक बसली की आयन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली येताना ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषा आहेत, ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉम (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप). या खालच्या पायरीवरून येतात. अजून वरच्या पायरीवरून एक जांभळट रेषा येते, ४३६३. ती फार क्षीण.

आता आपली सोसायटी आठवा. पाण्याला दाब नसेल तर पाणी पहिल्या मजल्यापर्यंत येतं, सातव्यावाले बादल्या घेऊन खाली. सातव्यावर धार आली की समजायचं, आज दाब चांगला. इथेही तसंच. इलेक्ट्रॉन जोरात धावत असले, म्हणजे वायू जास्त तापलेला असला, तरच वरची पायरी गाठली जाते. हिरव्या जोडीचं त्या ४३६३शी गुणोत्तर काढलं की तापमान मिळतं. १०,००० अंशांना हिरवी जोडी सुमारे २०० पट तेजस्वी, २०,००० अंशांना फक्त ४० पट. तापमान कळलं की एकेक आयन किती प्रकाश टाकतो ते भौतिकशास्त्र सांगतं. एकूण प्रकाश भागिले एकाचा प्रकाश. हेच तुमचं व्हाउचर.

आळशी_आजोबा
वाटसरू, सातवा मजला आमचाच. उदाहरण फार लागलं.

खतावणी
समजलं असं वाटतंय. म्हणजे हिरवी रेषा जितकी ठळक तितका ऑक्सिजन जास्त, फक्त तापमानाची दुरुस्ती करायची. बरोबर?

रसायनवाल्या_बाई
नाही! इथेच सगळे घसरतात.

ढगातली उष्णता बाहेर नेतो कोण? बराचसा हा ऑक्सिजनच. धडक खायची, प्रकाश टाकायचा, तो प्रकाश ढगाबाहेर निघून जातो आणि ढग निवतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यासारखं. ऑक्सिजन कमी म्हणजे पंखे कमी, म्हणून ढग जास्त तापलेला, म्हणून उरलेला प्रत्येक आयन जास्त जोमाने चमकणार. मृगातल्या तेजोमेघाचं, म्हणजे तिथल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगाचं, तापमान ९,००० अंशांच्या आसपास आहे. आय झ्विकी १८ या ऑक्सिजनने गरीब दीर्घिकेतल्या ढगांचं जवळपास २०,०००. त्यामुळे दोन ढगांच्या हिरव्या रेषा सारख्याच ठळक असूनही एकात ऑक्सिजन भरपूर आणि दुसऱ्यात अगदी बेताचा, असं होऊ शकतं.

खतावणी
म्हणजे उलाढाल मोठी दिसली म्हणून नफा मोठा असं नव्हे. हे मी अशिलांना पस्तीस वर्षं सांगत आलोय.

संकासुर
सगळे ऑक्सिजनचं कौतुक करताय. हेलियमचं कोण बोलणार? पृथ्वीच्या आधी सूर्यावर सापडलेलं मूलद्रव्य आणि ते सापडलं आमच्या विजयदुर्गावर! १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने किल्ल्यावरून पाहिलं. साहेबाचे ओटे आजही आहेत, जाऊन बघा. राहतो ऐरोलीत, पण मनाने देवगडचाच.

निमूट_वाचक
संकासुर, ओटे आहेत आणि ग्रहण झालं, पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या ज्वालांची पिवळी रेषा त्याने ग्रहण नसताना पाहिली, २० ऑक्टोबर १८६८ला, इंग्लंडातूनच. १८ ऑगस्टला भारतात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता, तोसुद्धा गुंटूरला.

संकासुर
आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही गेलायत का विजयदुर्गला?

निमूट_वाचक
तीन वेळा. वाघोटणच्या खाडीतून होडीनेही. लॉकियर तरी नव्हता.

कोपरीचा_कावळा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वांगणीचा_वाटसरू
भांडू नका, दोघंही कामाचं बोलताय. हेलियमच्या आधी चार वर्षं, १८६४ला, विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा वर्णपट घेतला आणि त्याला ह्याच हिरव्या रेषा दिसल्या. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून नवीन मूलद्रव्य धरलं आणि त्याला नाव पडलं 'नेब्युलियम'. हेलियम १८९५ला रॅम्झीला पृथ्वीवरच्या खनिजात सापडला, त्याचं नाव टिकलं. नेब्युलियम सापडलाच नाही. १९२७ला आयरा बोवेनने दाखवलं की हा आपला जुना ऑक्सिजनच.

मग प्रयोगशाळेत का दिसत नव्हता? धडक बसलेल्या आयनाला ती हिरवी रेषा टाकायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला अर्धा मिनिट एका जागी उभं राहून दाखवा. दुसरा धक्का बसतोच आणि तो प्रकाश न टाकताच खाली येतो. अशा ढगात मात्र घन सेंटिमीटरला शे-दोनशे कण. कुणी ढकलायला नाही.

रुमाल_बहाद्दर
दादरचा पूल __/\__
वाचनखूण साठवली.

ऐरोली_नॉक_वन
मूळ विषयावर एक शंका. मोठ्या दीर्घिका सोडून ह्या बारक्या, वाकड्यातिकड्यांच्या मागे का लागतात? आपली आकाशगंगा काय वाईट आहे?

वांगणीचा_वाटसरू
कारण त्या कमी शिजलेल्या आहेत. महास्फोटातून निघाला तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. ऑक्सिजन शिजतो मोठ्या ताऱ्यांच्या पोटात आणि ते तारे फुटले की बाहेर पडतो. आपल्याकडे ताऱ्यांच्या इतक्या पिढ्या होऊन गेल्या की मूळ माल कसा होता ते कळत नाही. बटू अनियमित दीर्घिकांत वायू भरपूर आणि शिजवणं संथ.

संकासुर, इथे तुमचा हेलियम कामाला येतो. अशा अनेक दीर्घिकांत ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही मोजायचे, आलेख काढायचा आणि ऑक्सिजन शून्य असेल तिथे हेलियम किती हे बघायचं. उत्तर येतं वस्तुमानाच्या साडेचोवीस टक्क्यांच्या आसपास. तो महास्फोटाचा हेलियम. पेइम्बर्ट आणि तोरेस-पेइम्बर्ट या मेक्सिकोच्या दांपत्याने १९७४ला मॅजेलनच्या ढगांपासून (नाव ढग, पण त्या आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) ही वाट पाडली.

संकासुर
हे मान्य. लॉकियरचं मान्य नाही.

दूधनाका
थोडं पाणी ओततो. (पीएचडी अर्धवट सोडली आहे, त्यामुळे कडवटपणा समजून घ्या.) ४३६३ ही रेषा बहुतेक दीर्घिकांत दिसतच नाही इतकी क्षीण असते. मग लोक नुसत्या ठळक रेषा घेऊन, ठरावीक सूत्रात घालून आकडा काढतात. वेगवेगळ्या सूत्रांची उत्तरं एकाच दीर्घिकेसाठी चार-पाच पटींनीही वेगळी येतात. शिवाय ऑक्सिजनच्या दुसऱ्या एका जातीच्या, फार फिकट रेषांवरून मोजलं तर आकडा सरळ दुप्पटीच्या जवळ जातो. या मतभेदाचा उगम १९४२च्या एका मोजणीपर्यंत जातो आणि तो अजून मिटलेला नाही. थोडक्यात, अंदाजपंचे दाहोदरसे.

रसायनवाल्या_बाई
दूधनाका, सूत्रांबद्दल तुमचं खरं आहे, पण लिओ पीला अंदाजपंचे म्हणू नका. तिथे ४३६३ प्रत्यक्ष दिसली आहे. गरीब दीर्घिकांचा हाच तर फायदा, की ढग तापलेला म्हणून सातव्या मजल्यावर पाणी येतं. श्रीमंत दीर्घिकांत ती रेषा दिसत नाही आणि तुमच्या सूत्रांचे घोळ मुख्यतः तिथले.

दूधनाका
बाई, तेवढं कबूल. दुपटीचा घोळ मात्र गरिबांतही आहे.

रसायनवाल्या_बाई
आहे. नाही कुठे म्हटलं?

पुंगी_वाजली
धाग्यावर कुणीतरी कुणाचं कबूल केलं. तारीख लिहून ठेवा.

खतावणी
दूधनाका, मला असाच माणूस हवा होता. पण एक सांगा, ऑक्सिजनचे ते बाकीचे आयन? दोन इलेक्ट्रॉन गमावलेला मोजला, एकच गमावलेला राहिला की.

दूधनाका
काका, लाल पेन शोभतं तुम्हाला. त्याची रेषा ३७२७ला, अतिनीलच्या उंबरठ्यावर. दोन्ही खाती वेगळी मोजून बेरीज करतात आणि हायड्रोजनच्या ४८६१ या रेषेशी तुलना करतात. नायट्रोजनचं मात्र अवघड आहे. त्याचं एकच खातं दृश्य प्रकाशात दिसतं, उरलेलं ऑक्सिजनवरून धरून चालतात.

घोडबंदरी
मी नारायणगावची, आता कासारवडवलीत. घरच्या वाटेवर खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात, ४५ मीटरच्या, एकूण तीस. अशा फिकट अनियमित दीर्घिकांच्या थंड हायड्रोजनचं सर्वेक्षण तिथून झालंय, २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींवर. एकदा शाळेच्या सहलीत तिथल्या एकांनी सांगितलं होतं, की यातल्या कितीतरी दीर्घिकांत ताऱ्यांपेक्षा वायूच जास्त आहे. मला तेव्हा वाटलं, लग्न ठरलंय, हॉल घेतलाय, पण वऱ्हाडच आलं नाही.

अवांतर: तबकड्यांजवळ मोबाइल बंद करायला लावला, तो सहलीतला सगळ्यात शांत तास.

ऐरोली_नॉक_वन
वायू एवढा आहे तर तारे का होत नाहीत? आणि जे झाले त्यांचा ऑक्सिजन गेला कुठे?

वांगणीचा_वाटसरू
गेला कुठे, हा खरा प्रश्न. दीर्घिका छोटी म्हणजे गुरुत्वाकर्षण कमी. मोठे तारे फुटले की ताजा ऑक्सिजन वाऱ्यासारखा बाहेर. लिओ पीतल्या ताऱ्यांनी आजवर किती ऑक्सिजन बनवला असेल याचा २०१५ला हिशेब झाला आणि दीर्घिकेत सापडला त्यातला सुमारे ५ टक्के. बाकीचा बहुतेक उडाला.

तारे होण्याबद्दल एवढंच सांगतो, की कुठे होतात ते शोधणंही अवघड आहे. तारे बनतात थंड रेण्वीय हायड्रोजनच्या ढगात आणि तो थेट दिसत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा माग काढतात. इथे कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही कमी, त्यात धूळ कमी, त्यामुळे अतिनील प्रकाश तो रेणू फोडून टाकतो. वुल्फ-लुंडमार्क-मेलॉट नावाची एक दीर्घिका आहे, ऑक्सिजन सूर्याच्या १३ टक्के. तिथे कार्बन मोनॉक्साइड सापडला ही २०१३ची मोठी बातमी होती.

आळशी_आजोबा
वुल्फ-लुंडमार्क-मेलॉट. कोर्ट नाक्यावर पाटी असेल तर वकील चांगले वाटतात.

निमूट_वाचक
मला यातली सगळ्यात नवलाची गोष्ट वेगळीच वाटते. सर्पिल दीर्घिकांत मध्याकडे धातू जास्त, कडेला कमी. बटू अनियमित दीर्घिकांत एका टोकाचा ढग आणि दुसऱ्या टोकाचा ढग, ऑक्सिजन जवळपास सारखा. आजूबाजूला तारे फुटतायत तरी शेजारच्या ढगाला त्याचा वास नाही. ताजा माल आधी लाखो अंशांच्या वायूत जात असावा आणि निवून मिसळायला खूप वेळ लागत असावा, असं एक स्पष्टीकरण आहे. एनजीसी ५२५३ हा अपवाद, तिथे एका भागात नायट्रोजन जास्त सापडतो.

कोपरीचा_कावळा
यातलं काही ठाण्यातून दिसतं का? गच्चीवरून?

वांगणीचा_वाटसरू
मॅजेलनचा मोठा ढग आपल्या क्षितिजावर जेमतेम एक अंश चढतो, म्हणजे नाहीच. छोटा तेवढाही नाही. लिओ पी सिंहेत, आय झ्विकी १८ सप्तर्षीत, पण दोन्ही आपल्या दुर्बिणींच्या पलीकडचे. बर्नार्डने १८८४ला शोधलेली एनजीसी ६८२२ धनू राशीत आहे, ती मध्यरात्री डोक्यावर येते कधी? जुलैत. ठाण्यात जुलैत आकाश कुणी पाहिलंय का?

मृगातला तेजोमेघ बघा. दीर्घिका आपलीच, पण यंत्रणा तीच. माझ्या सहा इंची दुर्बिणीला फक्त ती हिरवी जोडी जाऊ देणारा फिल्टर लावला की घोडबंदरच्या दिव्यांतूनही तो पंख पसरलेला दिसतो. मात्र गच्चीची किल्ली मिळवणं दुर्बीण मिळवण्यापेक्षा अवघड. आमच्या सेक्रेटरींना अजून वाटतं मी समोरच्या इमारतीत बघतो.

घोडबंदरी
बघता का?

वांगणीचा_वाटसरू
ताई!

खतावणी
मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर आणतोय. पुतणीने सांगितलं, नुसतं वाचू नका, बघा. जुनी सीडी, चिवड्याचा पुठ्ठ्याचा खोका, दाढीच्या ब्लेडची दोन पाती समोरासमोर चिकटवून केलेली फट. पहिला खोका बाद, प्रकाश कडेने आत येत होता, काळी चिकटपट्टी लावली. शेगडीवर चिमूटभर मीठ टाकून पाहिलं, पिवळी रेषा दिसली. सौ. म्हणाल्या, शेगडी तुम्हीच पुसायची. पुसली.

मग जिन्यातली जुनी ट्यूबलाइट पाहिली. अखंड पट्टा येईल वाटलं होतं, तर त्यावर वेगळ्या उठून दिसणाऱ्या रेषा. एक हिरवी, एक जांभळट निळी. ही जांभळी काय?

दूधनाका
काका, ती पाऱ्याची. ४३५८ अँगस्ट्रॉम.

खतावणी
४३५८? आणि आपली सातव्या मजल्याची ४३६३?

दूधनाका
पाचच अँगस्ट्रॉमचं अंतर. तुमच्या खोक्यात वेगळ्या दिसणार नाहीत. जवळच्या दीर्घिकांचा वर्णपट घेताना शहरातल्या पाऱ्याच्या दिव्यांचा उजेड आकाशात मिसळला, की नेमकी हीच रेषा त्या क्षीण रेषेच्या शेजारी येऊन बसायची. तो उजेड वजा करण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

खतावणी
म्हणजे आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटने तुमची पीएचडी घालवली. सेक्रेटरींना कळवतो, परवा ते एलईडी बसवतायत. काढलेली ट्यूब मी मागून ठेवली आहे.

आणि कावळेराव, वडा सभागृहाच्या कँटीनचाच होता. चटणी बरी, वडा गार.